दीर्घ पायी प्रवास आणि पादत्राणांचा एकच जोड

पायी प्रवासाला निघालेल्या माणसाला आपले सारे सामान आपल्याच पाठीवर वाहावे लागते. म्हणून महिनोन्‌महिने चालणारे प्रवासी, मग ते देशोदेशी भटकणारे असोत वा नर्मदेचे परिक्रमावासी, बहुधा चालण्यासाठी पादत्राणांचा एकच जोड घेऊन निघतात. पिशवीतला दुसरा जोड अर्धा-पाऊण किलोची भर घालतो आणि बहुतेक दिवस नुसताच मिरवला जातो. एक जोड घेण्याचे ठरले, की तो कोणता घ्यावा, किती अंतर पुरेल आणि मुळात अनवाणी चालणेच अधिक श्रेयस्कर नव्हे काय, असे प्रश्न उभे राहतात. शेवटचा प्रश्न केवळ श्रद्धेचा नाही, आणि गोव्यातील वाचकांच्या दृष्टीने तर तो आरोग्याचा आहे.

या विषयाशी वडोदऱ्याचा संबंध दुहेरी आहे. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून नर्मदा वाहते आणि करजण, शिनोर, डभोई या तालुक्यांतून परिक्रमेची उत्तर तटावरील वाट जाते. शिवाय, विसाव्या शतकात भारतात पायी चालण्याला ज्यांनी नवा अर्थ दिला, त्या विनोबा भावे यांचे विद्यार्थिदशेतील दिवस याच शहरात, तेव्हाच्या बडोद्यात, गेले.

परिक्रमेची वाट

नर्मदेची लांबी १,३१२ किलोमीटर आहे. दोन्ही तटांनी चालायचे तर सुमारे २,६०० किलोमीटर होतात. आडवाटा आणि वळसे धरले तर त्याहूनही अधिक. नदी सदैव उजव्या हाताला ठेवायची, तिचे पात्र ओलांडायचे नाही, चातुर्मासात एका जागी थांबायचे, असे परिक्रमेचे नियम. परंपरेने तिचा काळ तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस सांगितला आहे. आज बहुतेक जण कार्तिकात निघून काही महिन्यांत ती पुरी करतात.

ओंकारेश्वरहून निघालेला परिक्रमावासी दक्षिण तटाने पश्चिमेकडे जातो. मुखापाशी भरतीची वेळ पाहून होडीने खाडी पार करतो आणि मिठी तलाई येथे उत्तर तटाला लागतो. तेथून भरूच, शुक्लतीर्थ, नारेश्वर, मालसर अशी गावे घेत तो ओरसंग आणि नर्मदेच्या संगमावरील चांदोद-कर्नाळीला पोहोचतो. म्हणजे वडोदरा जिल्ह्यात येईपर्यंत त्याच्या पायांतल्या जोडाने सातपुड्याच्या डोंगरवाटा, डांबरी रस्ते, खाडीचा चिखल आणि खारे पाणी असे सारे पाहिलेले असते. पुढे अमरकंटकपर्यंतची लांबलचक वाट अजून शिल्लक असते.

या टप्प्यातली जमीन पादत्राणांची कसोटी पाहणारी आहे. भरूचच्या किनारपट्टीवर वेड्या बाभळीचे रान माजले आहे. गुजरातीत तिला गांडो बावळ म्हणतात. तिचा वाळलेला काटा मऊ फोमच्या तळातून सहज आरपार जातो. त्याउलट काळ्या मातीच्या शेतांत अवेळी पाऊस झाला, तर प्रत्येक पावलाला मातीचा थर चिकटत जातो आणि काही वेळातच बूट दुप्पट जड होतो. नदीकाठच्या घळींत चढउतार आहेत, तर पात्रालगत गोटे आणि वाळू. सरदार सरोवरामुळे शूलपाणीच्या झाडीतील जुनी वाट बरीच पाण्याखाली गेली आणि चालणारे वरच्या रस्त्यांवर आले. डांबरावर काटे नसतात हे खरे, पण त्याचा कठीणपणा टाचा आणि गुडघे मुकाट्याने सोसत राहतात. एकाच जोडाने हे सारे निभवायचे असल्याने कोणत्याही एका जमिनीसाठी उत्तम असा बूट येथे कामाचा नसतो. सगळ्या जमिनींवर बऱ्यापैकी चालणारा हवा.

अनवाणी चालण्याचा प्रश्न

परिक्रमा अनवाणीच करावी, अशी अनेकांची समजूत आहे. काही जण तसे व्रत घेतातही. परंतु पादत्राणे घालून परिक्रमा करणारे पूर्वीही होते आणि आजही बहुसंख्य तसेच चालतात.

नारेश्वर हे रंग अवधूत महाराजांचे स्थान. त्यांचे गुरू वासुदेवानंद सरस्वती, म्हणजेच टेंबेस्वामी, यांचा जन्म १८५४ मध्ये गोव्याच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या माणगावचा. संन्यास घेतल्यावर त्यांनी वाहनाचा आश्रय न करता पायी भारतभ्रमण केले आणि १९१४ मध्ये नर्मदेच्या उत्तर तटावर गरुडेश्वर येथे देह ठेवला. सिंधुदुर्ग आणि गोव्यातील दत्तभक्तांना गरुडेश्वराची ओढ वाटते, ती या नात्यामुळे. मात्र संन्याशाचा आचार हा गृहस्थाचा नियम नव्हे, हे शास्त्रकारही सांगतात.

याबाबतीत विनोबांचा अनुभव बोलका आहे. पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ मध्ये जन्मलेले विनोबा वडिलांच्या नोकरीमुळे लहानपणीच बडोद्यास आले. ब्रह्मचाऱ्याने पादत्राणे व छत्री वापरू नये, असा नियम मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आहे. तो वाचून विद्यार्थी विनोबांनी गादी, छत्री आणि पादत्राणे तिन्ही सोडली. गादी आणि छत्रीवाचून काही अडले नाही. बडोद्याच्या उन्हाळ्यात भर दुपारी अनवाणी फिरण्याचा हट्ट मात्र महागात पडला; त्याचा आपल्या डोळ्यांवर वाईट परिणाम झाला, असे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले. ज्या काळी तो नियम झाला, तेव्हाचे विद्यार्थी आश्रमात राहत आणि त्यांना उन्हातान्हात फारसे भटकावे लागत नसे, अशी त्याची उकलही त्यांनी केली. नियम कोणासाठी आणि कोणत्या परिस्थितीत झाला, हे पाहणारी ही दृष्टी आजच्या यात्रेकरूलाही उपयोगी आहे.

मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेले विनोबा वाटेत सुरतेला उतरून काशीला गेले. बडोदे सुटले, चालणे सुटले नाही. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूदानाचा आरंभ झाला आणि पुढची सुमारे तेरा वर्षे ते देशभर पायी फिरले. त्या काळातील त्यांच्या छायाचित्रांत पायांत साधे कॅनव्हासचे बूट दिसतात. ज्याने ऐन तारुण्यात पादत्राणांचा त्याग केला, त्यानेच पन्नाशीनंतर रोज मैलोगणती चालायचे म्हणताच ती स्वीकारली. यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. कॅनव्हासचा बूट हलका असतो, लवकर वाळतो आणि कुठल्याही बाजारगावी मिळतो. दीर्घ प्रवासात हा शेवटचा गुण पहिल्या दोहोंपेक्षा मोलाचा ठरतो.

विनोबांच्या प्रेरणेने सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोघे तरुण १९६२ मध्ये दिल्लीहून अण्वस्त्रबंदीसाठी जगाच्या पदयात्रेला निघाले. जवळ पैसे ठेवू नका, ही विनोबांनी त्यांना दिलेली शिदोरी होती. पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण, सोव्हिएत संघ, पोलंड, जर्मनी, फ्रान्स असे करीत ते इंग्लंडला आणि तेथून जहाजाने अमेरिकेला गेले. एकंदर सुमारे आठ हजार मैल. सतीश कुमार बालपणी जैन मुनी होते आणि नऊ वर्षे अनवाणी विहार केलेले होते, हे येथे लक्षात घेण्याजोगे. खिशात पैसा नसलेल्या प्रवाशाला झिजलेला बूट बदलायचा तर तोही यजमानाच्या हातूनच मिळणार. एका जोडावर विसंबणे याचा अर्थ त्यांच्या बाबतीत वाटेतल्या माणसांवर विसंबणे असाच होता.

जोड किती पुरतो?

धावण्याच्या बुटांविषयी पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर ते बदलावेत, असा ठोकताळा सांगितला जातो. त्या हिशेबाने परिक्रमेला तीन ते पाच जोड लागतील. चालताना आघात कमी असल्याने बूट अधिक टिकतो, पण पाठीवरचे ओझे त्यातला काही लाभ हिरावून घेते. शिवाय बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या बुटाचा आतला फोम आधीच दबलेला असू शकतो. तळाची नक्षी टाचेच्या बाहेरच्या कडेला पुसली गेली, बूट सपाट फरशीवर ठेवल्यास एका बाजूला कलू लागला किंवा नव्याने गुडघा दुखू लागला, म्हणजे त्याचे आयुष्य सरत आल्याचे समजावे. तेव्हा 'एकच जोड' याचा व्यवहारी अर्थ एका वेळी एक असा घ्यावा. नर्मदाकाठी बाजाराची गावे अधूनमधून लागतात. परंतु फार मोठ्या किंवा फार रुंद पायाच्या माणसाने त्या भरवशावर राहू नये.

चामड्याचा शिवलेला जोड जड, पण दुरुस्तीला सोपा. गावच्या मोच्याकडे आरी आणि दोरा असला, की उसवलेली शिवण तासाभरात मार्गी लागते. आजचे बहुतेक बूट चिकटवलेले असतात. त्यांचा तळ सुटला तर नुसते चिकटवून भागत नाही. कडेने टाके घालून घ्यावे लागतात, आणि हे काम प्रवासाला निघण्यापूर्वीच करून घेणारे अनुभवी लोक आहेत. पायातले वजन पाठीवरच्या तितक्याच वजनाच्या चार ते सहापट ऊर्जा खाते, असे या विषयावरील प्रयोगांत दिसले आहे. तेव्हा गिर्यारोहणाचे भरभक्कम बूट घालून सपाट गुजरातेतून चालणे हा निव्वळ हौसेचा मामला.

गोव्यातील आणि कोकणातील वाचकांसाठी एक गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. अनेक बुटांच्या तळात पॉलीयुरेथेन वापरतात आणि दमट हवेत हा पदार्थ हळूहळू विघटन पावतो. दोन-चार पावसाळे कपाटात जपून ठेवलेला, जवळजवळ न वापरलेला बूट यात्रेच्या पहिल्याच दिवशी तळाशी भुगा होऊन सुटतो, तो या कारणाने. त्यात ना दुकानदाराची लबाडी असते, ना नशिबाचा भाग. जुना जोड काढला असेल तर तळ हाताने वाकवून पाहावा आणि निघण्याआधी घराभोवती निदान आठवडाभर वापरावा.

नवा जोड घ्यायचा तर संध्याकाळी घ्यावा, कारण दिवसभरात पाय किंचित सुजतात आणि लांबच्या चालीत ही सूज रोजचीच होते. जाड मोजा घालून सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे. उतारावर बोटे पुढे आपटून नखे काळी पडतात, ती ही जागा नसल्याने. पुढे किमान शंभरेक किलोमीटर तो घरच्या परिसरात चालवावा. मोजे सुती नकोत. सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि ओल्या कातडीला लवकर फोड येतात. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे दोन-तीन जोड आलटून पालटून धुवावेत. बूट भिजला तर चुलीजवळ ठेवू नये, त्याने चामडे तडकते आणि चिकटवण सुटते. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते दोन-तीनदा बदलले, की सकाळपर्यंत बूट बराचसा वाळतो (छापील दैनिकांचा हा उपयोग ऑनलाइन दैनिकांना साधलेला नाही). मुक्कामाला, स्नानाला आणि देवळात जायला हलकी चप्पल सोबत असावी. ती चालण्याचा जोड नव्हे, पण तिच्यामुळे बुटाला आणि पायाला दोघांनाही हवा मिळते.

मधुमेह आणि पाय

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, आढळले. या आजारात कालांतराने पायांची संवेदना कमी होऊ शकते. मग काटा टोचला, फोड आला, तापल्या डांबराने तळवा भाजला तरी कळत नाही. रक्तपुरवठा मंद असल्याने जखम भरत नाही आणि जंतुसंसर्ग खोल जातो. पाऊल किंवा पाय कापावा लागण्याचे अनेक प्रसंग अशाच क्षुल्लक जखमेपासून सुरू होतात. मधुमेह असलेल्या व्यक्तीने अनवाणी परिक्रमेचे व्रत घेऊ नये, असे डॉक्टर निक्षून सांगतात. पादत्राणे घालण्यापूर्वी आत खडा नाही ना हे हाताने चाचपणे, रोज रात्री तळवे आरशात पाहणे किंवा सोबत्याकडून पाहून घेणे आणि फोड स्वतः न फोडणे, ही पथ्ये अशा यात्रेकरूला जपापेक्षा कमी महत्त्वाची नाहीत. निघण्याआधी पायांच्या संवेदनेची तपासणी करून घ्यावी. ती काही मिनिटांत होते.

सगळेच काही २,६०० किलोमीटर चालत नाहीत. चैत्रात तिलकवाडा ते रामपुरा या पट्ट्यात, जेथे नर्मदा उत्तरवाहिनी होते, तेथे सुमारे एकवीस किलोमीटरची छोटी परिक्रमा होते आणि तिला महाराष्ट्रातून मोठी गर्दी लोटते. गोव्याहून जाणाऱ्यांना ती सोयीची. मडगावहून उत्तरेकडे जाणाऱ्या काही गाड्या वडोदऱ्याला थांबतात आणि तेथून पुढे रस्त्याने जाता येते. एकाच दिवसाचे चालणे म्हणून अनेक जण त्यासाठी पादत्राणांचा विचारच करीत नाहीत आणि रोजच्या सपाट चपलेवर किंवा आदल्या दिवशी घेतलेल्या कोऱ्या बुटांवर निघतात. चैत्रातली वाळू सकाळी दहानंतर तापू लागते. म्हणून तेथे जाणकार मंडळी पहाटे अंधारातच चालायला लागतात, आणि बूट मात्र दोन महिने आधी घेतलेले असतात.