मुख्याध्यापक संघ आणि सभासदांचे समाधान : गंगापूर रोड (नाशिक) परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
महाराष्ट्रातील शिक्षक संघटनांच्या लढ्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या तुलनेत मुख्याध्यापक संघांकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले. वर्गणी भरणाऱ्या मुख्याध्यापकाची संघाकडून नेमकी कोणती अपेक्षा असते व ती कशातून निर्माण झाली, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी :
इंग्लंडमध्ये १८९७ साली, तर अमेरिकेत १९१६ साली शाळाप्रमुखांच्या राष्ट्रीय संघटना स्थापन झाल्या. भारतात कोठारी आयोगाने (१९६४-६६) शिक्षक संघटनांना शासनाने मान्यता द्यावी व प्रत्येक राज्यात संयुक्त शिक्षक परिषदा असाव्यात, अशी शिफारस केली. परंतु मुख्याध्यापकाचे स्थान शिक्षकाहून वेगळे आहे. तो कर्मचारी असतो आणि प्रशासकही असतो.

कायद्याने घडविलेले स्थान :
महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ आणि त्याखालील १९८१ ची नियमावली यांमुळे हे दुहेरी स्थान अधिक स्पष्ट झाले. मुख्याध्यापक हा शाळा समितीचा पदसिद्ध सचिव ठरला. त्याच वेळी त्याच्याविरुद्धही चौकशी होऊ शकते; अशा चौकशी समितीवर कोणत्याही खाजगी शाळेतील एक कर्मचारी आपला प्रतिनिधी म्हणून नेमण्याचा अधिकार त्याला मिळाला. अन्यायाविरुद्ध शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याची सोय झाली. अशा प्रसंगी नियम जाणणारा समव्यवसायी पाठीशी असणे, ही संघाकडून असणारी पहिली अपेक्षा होय. दुसरी अपेक्षा दैनंदिन आहे. संच मान्यता, वैयक्तिक मान्यता, वेतनेतर अनुदान, अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन यांविषयीचे शासन निर्णय वेळेवर कळावेत व त्यांचा अर्थ समजावा. २ मे २०१२ च्या शासन निर्णयाने शिक्षक भरतीवर निर्बंध आल्यानंतर प्रस्तावावर सही करणाऱ्या मुख्याध्यापकास या मार्गदर्शनाचे मोल विशेष जाणवले असणार.

गंगापूर रोडचा संदर्भ :
१९१४ साली स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजाचे मुख्यालय गंगापूर रोडवर आहे. गोखले एज्युकेशन सोसायटीची (१९१८) महाविद्यालये नजीकच्या कॉलेज रोड परिसरात आहेत. अनेक शाखा असलेल्या अशा संस्थांतील मुख्याध्यापकास मध्यवर्ती कार्यालयाचा आधार असतो. मान्यतेचे प्रस्ताव, न्यायालयीन बाबी, लेखापरीक्षण यांत संस्थाच साहाय्य करू शकते. एकच शाळा चालविणाऱ्या छोट्या संस्थेच्या मुख्याध्यापकास असा आधार नसतो. त्याच्यासाठी संघाची सहविचार सभा हेच कार्यालय आणि तेच सल्लागार मंडळ ठरते. म्हणजे वर्गणी समान असली, तरी गरज समान नसते. मोठ्या संस्थेचा मुख्याध्यापक संघाकडे प्रामुख्याने प्रतिष्ठा व स्नेहसंबंध या दृष्टीने पाहील, तर छोट्या संस्थेचा मुख्याध्यापक संरक्षण म्हणून पाहील. मोठ्या संस्थांतील सभासदांच्या उपस्थितीवरून संघाचे यश मोजल्यास दुसऱ्याचे असमाधान नजरेआड होते.

निष्कर्ष :
सभासदांचे समाधान हे अधिवेशनांच्या भव्यतेवरून ठरविता येणार नाही. ज्याच्या मागे दुसरे कोणी नाही, अशा सभासदाला अडचणीच्या वेळी संघ किती उपयोगी पडला, हा खरा निकष होय. या निकषावर संघाचे मूल्यमापन व्हावयाचे, तर संघांची इतिवृत्ते, वर्गणीच्या नोंदवह्या व निवेदने यांचे जतन आवश्यक आहे. सेवानिवृत्त मुख्याध्यापकांच्या मुलाखती वेळीच नोंदवून घेतल्यास महाविद्यालयांच्या इतिहास व शिक्षणशास्त्र विभागांना हे कार्य संयुक्तपणे करता येईल.