बाबांसोबत घरीच गाडी खोलायची आहे? कुठे हात घालायचा आणि कुठे थांबायचं, ते आधी बघा

रविवारची सकाळ. पार्किंगमध्ये जुनं गोणपाट अंथरलंय, त्यावर पाने, पकड आणि रॉकेलची बाटली. बाबा गाडीशेजारी उकिडवे बसलेत. आपल्याकडे काम एकच, "बारा-तेरा दे" म्हटलं की बारा-तेराचा पाना द्यायचा. चुकून दहा-अकरा दिला की पुढची दहा मिनिटं ऐकून घ्यायचं.

आपल्याकडे बरीच पोरं गाडी चालवण्याआधी गाडी पुसायला आणि खोलायला शिकली ती अशीच.

पण विषय असा आहे की बाबा शिकले ती गाडी वेगळी होती. आरएक्स १००, राजदूत, सीडी १००. कार्बोरेटरचा स्क्रू थोडा फिरवला की इंजिनाचा आवाज बदलायचा आणि कानावरून सेटिंग व्हायचं. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ लागू झालं आणि बहुतेक नव्या गाड्यांतला कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. आता पेट्रोल किती सोडायचं ते ईसीयू नावाचा छोटा कम्प्युटर ठरवतो. तिथे स्क्रूड्रायव्हर घेऊन बसण्यात अर्थ नाही. मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला तर सरळ सर्व्हिस सेंटर गाठायचं.

मग बाबांची विद्या वाया गेली का? अजिबात नाही. चेन, ऑइल, प्लग, ब्रेक, टायर या गोष्टी अजून त्याच आहेत. फक्त काही जुन्या सवयी सोडाव्या लागतात.

सगळ्यात आधी चेन, कारण सगळ्यात जास्त धोका इथेच आहे. गाडी डबल स्टँडवर, इंजिन चालू, पहिला गिअर टाकलेला आणि फिरत्या चेनला फडकं लावलेलं, हे दृश्य तुम्ही पाहिलं असेल. काम पटकन होतं, खरंय. पण ते फडकं चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये ओढलं गेलं की मागोमाग बोटं जातात, हात काढायला वेळच मिळत नाही. म्हणून इंजिन बंद, चावी काढून खिशात, गाडी न्यूट्रलमध्ये आणि चाक हाताने फिरवायचं. या एका मुद्द्यावर बाबांशी भांडण झालं तरी चालेल.

चेन रॉकेलने धुवायची, कोरडी पुसायची आणि मग चेन ल्युब किंवा ९० नंबरचं गिअर ऑइल लावायचं. जळकं ऑइल लावायची पद्धत अनेक घरांत आहे. फुकट मिळतं हा त्याचा एकमेव गुण. त्यात धातूचा बारीक कीस असतो आणि तो चेन घासतो. चेनचा ढिलेपणा खालच्या बाजूला मधोमध बोटाने वर-खाली करून बघतात. रोजच्या वापराच्या बऱ्याच गाड्यांत तो २० ते ३० मिलीमीटरच्या आसपास सांगितलेला असतो, पण तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. ताणताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या हव्यात, नाहीतर चाक तिरकं बसतं. आणि हे बहुतेक जण विसरतात: चाक मागे सरकलं की मागच्या ड्रम ब्रेकच्या पॅडलचा खेळही बदलतो. चेन ताणली की ब्रेक पुन्हा सेट करायचाच.

आता ऑइल.

आमच्याकडे एकदा कारचं अर्धा लिटर ऑइल उरलं होतं. "ऑइल ते ऑइलच" म्हणत बाबांनी ते माझ्या गाडीत टाकलं. आठवड्याभरात चढावर रेस वाढायची, पण गाडी पुढे जायची नाही. क्लच स्लिप. कारण साधं आहे. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. कारच्या अनेक ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात आणि क्लचला तर घर्षणच हवं असतं. म्हणून डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए २' लिहिलेलं बघायचं. १०डब्ल्यू-३० घ्यायचं की २०डब्ल्यू-४०, तो आकडा मॅन्युअल सांगतं, शेजारचे काका नाही.

ऑइल काढताना इंजिन कोमट असावं, म्हणजे ते नीट उतरतं. खालचा ड्रेन बोल्ट परत लावताना जोर दाखवायचा नाही. बोल्ट लोखंडी आणि इंजिनाचं केसिंग ॲल्युमिनियमचं, त्यामुळे आटे गेले की दोनशे रुपयांच्या बचतीसाठी बसलेल्या माणसाला बराच मोठा खर्च येतो. निघालेलं ऑइल गटारात ओतू नका. कायद्याने तो घातक कचरा आहे. बाटलीत भरून गॅरेजवाल्याला द्या, ते विकतात.

प्लग वाचणं ही मात्र बाबांकडून शिकण्यासारखी कला. टोक बिस्किटाच्या रंगाचं असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. तेलकट ओलं असेल तर इंजिन ऑइल वर चढतंय आणि ते काम घरचं नाही. टायरची हवा गार टायरवर तपासा, एवढंच.

ब्रेक मात्र जपून. ड्रम खोलल्यावर आतली धूळ तोंडाने फुंकू नका. ब्रेक लायनर झिजून झालेली ती पूड फुप्फुसासाठी वाईट असते. डिस्कचे पॅड काढलेले असताना कुणी गंमत म्हणून लिव्हर दाबला तर पिस्टन बाहेर येतो. ब्रेक ऑइल गाडीच्या रंगावर सांडलं तर रंग उठतो, आणि एबीएसच्या गाडीत लाइनमध्ये हवा शिरली तर ती काढायला अनेकदा कंपनीचं मशीन लागतं. थोडक्यात, ब्रेकचं पहिलं काम मेकॅनिकच्या शेजारी उभं राहून बघा.

आता सगळ्यांच्या आवडीचा विषय, मॉडिफिकेशन.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर नोंदलेली माहिती कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळी होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२अ आलं. बेकायदा बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. इथे 'मालक' हा शब्द महत्त्वाचा आहे. सायलेन्सर पोराने बदलला तरी आरसीवर नाव बाबांचं असतं.

फटाके फोडणारा सायलेन्सर आवाजाच्या नियमातही अडकतो. कलम १९०(२) नुसार पहिल्यांदा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. जप्त केलेले सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडतानाचे पोलिसांचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. वेगवेगळे सूर काढणारा हॉर्नही चालत नाही. गाडीचा रंग बदलायचा तर आरटीओत नोंद हवी. जुन्या गाडीला इलेक्ट्रिक किट बसवता येतं, पण ते मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने पास केलेलं पाहिजे (पुण्याची एआरएआय त्यातलीच एक) आणि आरसीत बदल करून घ्यावा लागतो.

मग घरी करायचं काय? सीट कव्हर, लेग गार्डला दोरी गुंडाळणं, मोबाइल होल्डर, ग्रिप. चार्जर लावायचा तर वायर कापू नका, फ्यूज असलेली तयार जोडणी वापरा. आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावायचा जुना जुगाड विसरा. वायरिंग जळण्याआधी उडणं हेच फ्यूजचं काम आहे.

शेवटी ट्रायल. पोरगं सोळाचं असेल तर "एक राउंड मारून येतो" म्हणणारच. सोळाव्या वर्षी कायद्याने फक्त ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं लायसन्स मिळतं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर कलम १९९अ नुसार पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. मुलाने परस्पर गाडी नेली, हे सिद्ध करणंही पालकावरच येतं.

म्हणून ट्रायल बाबांनी मारायची, हेल्मेट घालून. आधी दहाच्या स्पीडला दोन्ही ब्रेक दाबून बघायचे, मग परत येऊन ड्रेन बोल्टखाली ऑइल गळतंय का ते पाहायचं. तोवर पोराने वहीत तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवायचे आणि बारा-तेराचा पाना जागेवर ठेवायचा.