नळ आला आणि विहीर बुजली

मुंबईला लेकीकडे किंवा दवाखान्यासाठी जाऊन आलेल्या बायका धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक अशी नावं ऐकून येतात आणि विचारतात, "अगं, तिथं तळं तर कुठं दिसलंच नाही!" खरं आहे. तळी गेली, नावं उरली. गोवालिया टँकवर गवळी गुरं धूत, म्हणून ते नाव. पुढे तळं बुजवून मैदान झालं आणि १९४२ साली 'चले जाव'ची हाक तिथूनच दिली गेली. आज आम्ही त्या गेलेल्या पाण्याची गोष्ट सांगणार आहोत.

मुंबई एके काळी आपल्याच विहिरी-तळ्यांवर जगत होती. चर्चगेटजवळ भिका बेहराम यांची विहीर आहे, १७२५ सालची. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी पाणी गोडं. आजही तिला पाणी आहे. पैसेवाले लोक पुण्य म्हणून विहिरी खोदत, तळी बांधत. पण बंदर वाढलं, माणसं वाढली आणि उन्हाळ्यात तळाशी गाळ दिसू लागला. त्याच तळ्यात कपडे, त्याच तळ्यात गुरं. पटकीची साथ वारंवार यायची. १८५४ साली पावसानं दगा दिला, तेव्हा तर शहराबाहेरून पाणी आणायची वेळ आली. मग इंग्रज सरकारनं मिठी नदी अडवून विहार तलाव बांधला. १८६० साली नळानं पाणी आलं. ते पुरेना, म्हणून १८७९ साली तुळशी. तेही पुरेना, म्हणून १८९२ साली थेट शहापूरच्या डोंगरातलं तानसा, सुमारे १०० किलोमीटरवरून.

नळ आल्यावर विहिरीकडे कोण बघतं? त्यात हिवतापाचे डास विहिरींत वाढतात, असं १९११ च्या सुमारास डॉक्टर बेंटली यांनी दाखवून दिलं. विहिरी झाका नाहीतर बुजवा, असा आग्रह सुरू झाला. पूजेला विहिरीचंच पाणी लागतं म्हणून पुष्कळ लोकांनी विरोध केला, काहींनी झाकणं बसवून विहिरी वाचवल्या. बाकीच्या गेल्या. डॉक्टरांचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही, हिवतापानं माणसं मरत होती. पण विहीर साफ ठेवण्यापेक्षा बुजवणं सोपं, हेही तितकंच खरं.

आणखी एक सांगायला हवं. जुन्या पाणवठ्यांचे उगाच गोडवे गाऊ नयेत. तिथं सगळ्यांना पाणी मिळत नव्हतं. १९२३ साली सीताराम केशव बोले यांच्या ठरावानं मुंबई इलाख्यातले सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले, तरी १९२७ साली बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. नळाला जात विचारता येत नाही, हा त्याचा मोठा गुण.

तर मुंबई पुढे पुढे जात राहिली. मोडक सागर, ऊर्ध्व वैतरणा, भातसा आणि २०१४ साली मध्य वैतरणा. आज सात तलावांतून रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी शहरात येतं. त्यांतले पाच तलाव ठाणे, पालघर, नाशिककडच्या डोंगरांत आहेत. आणि त्याच शहापूर तालुक्यात दर उन्हाळ्यात गावपाड्यांवर टँकर जातात. आमच्या गटातली एक मैत्रीण माहेरची तिकडची. ती सांगते, "लहानपणी आम्ही त्या जाडजूड पाइपावर चढून पलीकडच्या झऱ्यावर जायचो. पाइपाला कान लावला की आत पाणी पळताना ऐकू यायचं. आई म्हणायची, चल, ते आपलं नाही." हे सांगताना ती हसते. आम्हाला काही हसू आलं नाही.

शहराला पाणी देऊ नये असं कोण म्हणेल? आपलीच लेकरं तिथं राहतात, आणि तिथल्या गरीब वस्त्यांतल्या बायकाही पहाटे उठून रांग लावतात. गोरेगावच्या मृणालताई गोरे पाण्यासाठी लढल्या, म्हणून तर लोक त्यांना पाणीवाली बाई म्हणू लागले. आमचं म्हणणं वेगळं आहे. शंभर किलोमीटरवरून आणून, गाळून, शुद्ध केलेल्या त्याच पाण्यानं तिथं संडास धुतले जातात, मोटारी धुतल्या जातात. आणि मुंबईवर कोसळणारा पाऊस गटारातून समुद्राला जातो. मोठ्या नव्या इमारतींनी पावसाचं पाणी साठवायचं किंवा जिरवायचं, हा नियम यायला २००२ साल उजाडलं. तोवर ते मुरवणाऱ्या विहिरी-तळ्यांवर रस्ते झाले होते.

आता आपल्या दारात बघू या. योजनेचा नळ बऱ्याच जणींच्या अंगणात आला, हंडे उतरले, बरं झालं. पण गेल्या महिन्यात आम्ही आमच्याच गावात फिरलो. चार सार्वजनिक विहिरी होत्या. एकीत प्लास्टिक आणि देव्हाऱ्यातले जुने फोटो. एक बुजवून वर टपरी. एकीवर जाळी आहे, पण गाळ काढलेला नाही. चौथीचं पाणी चांगलं आहे, तिथं फक्त दोन घरं जातात. आणि मे महिन्यात वीज गेली, मोटार बंद पडली, तेव्हा पाच दिवस अख्खं गाव त्या चौथ्या विहिरीवर होतं.

पुढच्या ग्रामसभेत आम्ही तिसऱ्या विहिरीच्या गाळाचा विषय मांडणार आहोत. तुमच्या गावात किती विहिरी होत्या, आज किती वापरात आहेत, कुणी खोदल्या होत्या, हे म्हाताऱ्या बायकांना विचारून आम्हाला कळवा. विहिरीचं नाव मात्र नक्की लिहा. पुढच्या भागात आम्ही ती नावं वाचून दाखवू.