मेंदूची रेषा

भिलाईच्या भट्ट्यांना चुनखडी पुरविणाऱ्या आमच्या नंदिनी नगरात कुणाला फेफरे आले की आजही प्रथम जोडा हुंगवितात. वस्तुतः १९२४ मध्येच जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी मानवी मेंदूचे क्षीण विद्युत्स्पंदन टिपले आणि १९२९ मध्ये ते प्रसिद्ध केले. तोच आजचा ई. ई. जी. पुढे १९३५ मध्ये बोस्टनच्या गिब्ज, डेव्हिस व लेनॉक्स यांनी अपस्माराच्या एका प्रकारात सेकंदास तीनदा उसळणाऱ्या लहरी दाखविल्या. बाधा समजला गेलेला रोग कागदावर रेषा होऊन उतरला. तरीही १९७६ मध्ये हिंदू विवाह कायद्याने अपस्मारास वेडाच्या पंक्तीस बसविले. तो शब्द १९९९ मध्ये वगळला गेला. कायद्यास उशिरा का होईना, पटले; जोडा पुढे करणाऱ्या हातांस अद्याप पटावयाचे आहे.