धावपटूचं नाव आणि त्याची जागा

फँटसी फुटबॉल खेळणाऱ्याला अमेरिकी फुटबॉलच्या हंगामात दर आठवड्याला एक कोडं सोडवावं लागतं. संघात रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारे खेळाडू चार, खेळवता येतात बहुधा दोन, मग बाकावर कोणाला बसवायचं? प्रत्यक्ष सामन्यातल्या कामगिरीवरून गुण मिळतात आणि बाकावरच्याने कितीही पराक्रम गाजवला तरी तो हिशेबात धरला जात नाही. अशा वेळी बहुतेकांचा कौल नावाजलेल्या खेळाडूला जातो. या खेळाचा इतिहास मात्र वेगळं सांगतो. गुण नावापेक्षा जागेला मिळत आले आहेत, म्हणजे प्रशिक्षक कोणाच्या हाती किती वेळा चेंडू सोपवतो याला. पहिल्या निवडीतच त्याची चुणूक दिसते. ओकलंड रेडर्सचे एक भागीदार बिल विंकेनबाख यांनी १९६२ मध्ये संघाच्या दौऱ्यात, न्यूयॉर्कच्या हॉटेलात बसून सहकाऱ्यांबरोबर या खेळाची आखणी केली. ऑगस्ट १९६३ मध्ये आठ संघांनी खेळाडू वाटून घेतले, तेव्हा सर्वांत आधी उचलले गेले जॉर्ज ब्लँडा. नावाजलेले धावपटू जिम ब्राउन मागे राहिले, आणि त्याच हंगामात त्यांनी १४ सामन्यांत १८६३ यार्ड धाव घेतली. तरीही ती निवड अडाणीपणाची नव्हती. ब्लँडा चेंडू फेकणारे क्वार्टरबॅकही होते आणि चेंडूला लाथ मारून गुण मिळवणारे किकरही. एकाच माणसाकडे गुण मिळवण्याची दोन कामं होती.

याहून ठोस पुरावा डेन्व्हरचा आहे. प्रशिक्षक माइक शॅनहन यांच्या डेन्व्हर ब्राँकोज संघाकडून धावपटू म्हणून १९९८ मध्ये टेरेल डेव्हिस यांनी २००८ यार्ड धाव घेतली. पुढच्या वर्षी ते जायबंदी झाले, तर ओलांडिस गॅरी या नवख्याने हजार यार्डांचा टप्पा ओलांडला आणि २००० मध्ये माइक अँडरसन या आणखी एका नवख्याने तेच केलं. डेव्हिस सामान्य होते असा याचा अर्थ मुळीच नाही. पण रिकाम्या झालेल्या जागेवर जो उभा राहिला त्याला तीच आक्रमक फळी आणि तेच डावपेच मिळाले. १९९९ मध्ये ज्याने गॅरी यांना केवळ अपरिचित म्हणून बाकावर ठेवलं असेल, त्याने जागा पाहिलीच नाही. यावर धावपटू लाडेनियन टॉमलिन्सन यांचं उदाहरण पुढे केलं जाईल. २००६ मध्ये त्यांनी ३१ टचडाउन केले. असा खेळाडू कोण बसवणार? कोणीच नाही, आणि बसवूही नये. पण त्या हंगामात चेंडू घेऊन ते ३४८ वेळा धावले. त्यांच्या जागेला वाटेकरी जवळजवळ नव्हताच. तिथे नाव आणि जागा एकच झाली होती, म्हणून आपल्याला नावाचाच महिमा दिसतो.

अधिक कठीण आक्षेप जोनस ग्रे यांच्या उदाहरणाचा. नोव्हेंबर २०१४ मध्ये न्यू इंग्लंडच्या या धावपटूने इंडियानापोलिसविरुद्ध ३७ वेळा चेंडू घेऊन २०१ यार्ड आणि चार टचडाउन मिळवले. मधल्या आठवड्यात ते सरावाला उशिरा पोहोचले आणि पुढच्या रविवारी त्यांच्या हाती एकदाही चेंडू आला नाही. मग संधी मोजूनही फसगत झालीच ना? झाली, कारण एका रविवारच्या आकड्याला जागा मानलं गेलं. न्यू इंग्लंडचे प्रशिक्षक बिल बेलिचिक प्रतिस्पर्धी पाहून दर आठवड्याला डाव बदलत, हे सर्वांना ठाऊक होतं. शिवाय त्याच आठवड्यात धावपटू लगॅरेट ब्लाउंट संघात परतले होते. जागा किती आठवडे टिकली आणि तिला वाटेकरी कोण, हे त्या रविवारआधी तपासता येत होतं. असे वाटेकरी वाढतच गेले आहेत: १९७८ मध्ये बचावपटूंवर निर्बंध आल्यापासून फेकीचा खेळ वाढत गेला, धावपटूंची कामं वाटली गेली. एक चेंडू घेऊन धावतो, दुसरा फेक झेलतो. झेलाला वेगळा गुण देणाऱ्या स्पर्धांत तर कमी धावणारा दुसराच पुष्कळदा खेळवण्याजोगा ठरतो आणि प्रसिद्ध पहिला बाकावर जातो.