वडील आणि अध्यक्ष

नागपुराहून चांद्यास जाणारी आगगाडी वर्धा, हिंगणघाट, वरोरा मागे टाकून माजरी जंक्शनावर येते आणि तेथून वणीकडचा फाटा वेगळा होतो. ह्या लोहमार्गाच्या दोन टोकांस स्कॉटलंडाहूनच आलेल्या दोन निराळ्या ख्रिस्ती मिशनांनी आपली ठाणी केली होती, हे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या ध्यानात नसेल. नागपुरास १८४५ साली रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे फ्री चर्चच्या वतीने आले. त्यांच्या नावाचे कॉलेज १८८३ साली निघाले. चांद्यास होते ते स्कॉटिश एपिस्कोपल मिशन. देश एक, बायबल एक. मग घरे दोन का?

ह्याचे मूळ पुष्कळ अंशी दोन ग्रीक शब्दांत आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात पौल इफिसच्या मंडळीतील प्रमुखांस मिलेत येथे बोलावून घेतो. सतराव्या वचनात त्यांस जो शब्द लाविला आहे त्याचा अर्थ ‘वडील’. त्यापासून प्रेस्बिटेरियन हे नाव निघाले. अठ्ठाविसाव्या वचनात त्याच माणसांस दुसरा शब्द आहे, त्याचा अर्थ देखरेख करणारा. मराठी बायबलात ‘अध्यक्ष’. ह्यापासून एपिस्कोपल आणि बिशप हे शब्द झाले.

प्रेस्बिटेरियन म्हणतात, माणसे तीच असता नावे दोन आली, तेव्हा पद एकच. वडिलांच्या डोक्यावर बसणारा बिशप ही मागाहूनची रचना. तीताच्या पत्रातील पहिला अध्यायही त्यांच्याच बाजूचा आहे. चौथ्या शतकातील जेरोमसारखा पंडित आरंभी ही दोन्ही पदे एकच होती असे सांगतो, आणि खुद्द इंग्लंडच्या चर्चमधील लाइटफूट ह्यांनी १८६८ साली हे शब्दैक्य मोकळेपणाने मान्य केले. एपिस्कोपल पक्षही शब्दांवर अडून बसत नाही. त्याचे म्हणणे, वडील नेमण्याचा अधिकार क्रेतात तीताकडे होता, तो कोणत्या पदाचा? शिवाय दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाच्या इग्नेशियसच्या पत्रांत एक बिशप, त्याखाली वडील, त्याखाली सेवक ही उतरंड स्पष्ट दिसते.

आपल्याकडे मध्वाचार्यांनी छांदोग्यातील महावाक्यात एका अकाराचा प्रश्लेष केला आणि अभेदाचा भेद झाला. येथे तर अक्षराचाही तंटा नाही. ग्रंथ जेथे मौन धरतो तेथे पुढच्या पिढ्यांच्या आचारास प्रमाण मानावे की नाही, एवढाच वाद. आणि आमच्या मते व्याकरणाने तो कधीच सुटला नसता.

त्याचे परिणाम मात्र पुस्तकी नव्हते. स्कॉटलंडात १६८९ साली बिशपांची सत्ता गेली आणि पुढील वर्षी प्रेस्बिटेरियन पद्धती राजमान्य झाली. इकडे, बिशपच्या हस्तस्पर्शावाचून दीक्षित झालेल्या नागपूरच्या पाळकास चांद्याच्या वेदीवर प्रभुभोजनाचा विधी चालविण्याचा अधिकार एपिस्कोपल नियमाने नव्हता. मराठी ख्रिस्ती कुटुंब नोकरीनिमित्त एका गावाहून दुसऱ्यास गेले की परक्या देशातील भांडणाचा हा वारसा त्याच्या वाट्यास येई.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच उत्तर हिंदुस्थानच्या चर्चची, अर्थात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, स्थापना झाली. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियनांचा समावेश असलेला संयुक्त संघ, बॅप्टिस्ट आणि इतर काही त्यात आले. जुन्या वचनाचा निवाडा कोणी केला नाही. सर्व पाळकांवर परस्परांचे हात ठेवून, ज्यास जे उणे असेल ते देवाने द्यावे अशी प्रार्थना करण्याची योजना झाली. हा हस्तस्पर्श म्हणजे पुन्हा दीक्षा की केवळ आशीर्वाद, हे ज्याने त्याने ठरवावयाचे! कोणी ह्यास चतुराई म्हणेल. आम्हांस तीत प्रामाणिकपणा अधिक दिसतो, कारण सोळा-सतरा शतके न सुटलेला प्रश्न सुटला असा आव तरी तीत नाही. बिशपही राहिला आणि पाळकास ‘प्रेस्बिटर’ म्हणणेही राहिले. बाप्तिस्म्याचेही तसेच: फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याच्या घरच्या सर्वांस बाप्तिस्मा मिळाला, त्यात तान्ही मुले होती काय ह्यावर भांडण होते, नव्या चर्चने बालबाप्तिस्मा आणि प्रौढाचा बाप्तिस्मा दोन्ही ग्राह्य धरले.

रोमन कॅथलिक अर्थातच बाहेर राहिले. पेत्र हाच खडक, हे मत्तयाच्या सोळाव्या अध्यायाचे त्यांचे वाचन अशा तडजोडीस वाव देत नाही. नागपूरचा त्यांचा धर्मप्रांत १८८७ सालचा. १९६२ साली चांद्याचे क्षेत्र त्यातून काढून केरळातील सिरो-मलबार परंपरेकडे सोपविले गेले आणि १९७७ साली त्यास पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला.