खुन्याची जबानी

खुनी स्वतःच सगळं सांगत सुटतो आणि अंगावर काटा आला तरी पुस्तक खाली ठेववत नाही. अशा थरारकथेचं कूळ शोधत गेलं, तर आपण लंडनच्या न्यूगेट तुरुंगात पोचतो. तिथल्या पाद्र्याला फाशीच्या कैद्यांचे कबुलीजबाब छापून विकायची मुभा होती. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शंभरेक वर्षं ही वरकमाई चालली. साचा ठरलेला: वाईट संगत, दारू, गुन्हा आणि शेवटी पश्चात्ताप. पश्चात्तापाशिवाय जबानी पुरी होत नसे. तो असला की रक्ताचे तपशील वाचायला कुणाला संकोच वाटत नसे.

पुढे हा माल एका पेनीला एक कागद या भावाने रस्त्यावर आला. घाई इतकी, की कैदी फासाखाली उभा राहण्याआधीच त्याचे 'अखेरचे शब्द' छापून तयार. वर फाशीचं चित्र. गुन्हेगार बदलला तरी लाकडी ठसा बहुधा तोच. सफकमधल्या पोलस्टेडला मारिया मार्टेनचा जीव घेणाऱ्या विल्यम कॉर्डरला ११ ऑगस्ट १८२८ रोजी बरी सेंट एडमंड्समध्ये फाशी दिली. त्याच्या कबुलीचे कागद दहा लाखांवर खपले, असं सांगतात. त्याच्याच कातड्यात बांधलेली खटल्याची हकिकत त्या गावच्या मॉयसेस हॉल संग्रहालयात आजही आहे.

हा साचा मोडला निजामाच्या चाकरीतल्या, पुढे आपल्या नळदुर्गचा कारभार पाहिलेल्या फिलिप मेडोज टेलरने. १८३९ साली लंडनमध्ये त्याची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही तीन खंडी कादंबरी निघाली. छापली जात असतानाच तिचे फर्मे राणी व्हिक्टोरियाने मागवून घेतले, असं टेलरने आत्मचरित्रात लिहिलंय. कादंबरीतला अमीर अली कैदेत बसून साहेबाला सांगतो: वाटसरूंशी सलगी, गप्पा, मुक्काम, मग खूण होताच गळ्याभोवती रुमाल. एकूण बळी ७१९. पश्चात्तापाचं नाव नाही. खंत एवढीच, की तुरुंगात पडलो नसतो तर हजार भरले असते.

साहेब मधूनच शहारतो. पण ऐकायचं थांबवत नाही.